चोथा म्हणू नका



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी उमेदवारीचे आठ महिने काढले. रुग्ण खुर्चीवर टेकला की त्यांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असत. "काल दिवसभरात काय काय खाल्लंत?" आणि "पोट साफ होतं का?" माणूस गुडघेदुखीसाठी आलेला असो की चक्कर येते म्हणून, प्रश्न तेच. आम्ही नुकती पदवी घेतलेली मुलं. आमचा सगळा भरवसा रक्ताच्या अहवालावर. हे प्रश्न आम्हाला जुन्या वळणाचे वाटायचे. पुढे तीस वर्षं मधुमेहाचे आणि लठ्ठपणाचे रुग्ण तपासल्यावर आज मीही त्याच दोन प्रश्नांनी सुरुवात करतो. सर अनुभवानं जे विचारत होते, त्याच्यामागची कारणं विज्ञानानं अलीकडच्या पंचवीस वर्षांत दाखवून दिली. ती तुमच्यापुढे मांडावीत म्हणून मी आजचा विषय निवडला.

विषय आहे अन्नातल्या तंतूंचा, आणि त्यांतही अशा तंतूंचा, जे आपल्याला पचत नाहीत पण आपल्या मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना पचतात. शास्त्रात त्यांना प्रीबायोटिक म्हणतात. लठ्ठ माणसाच्या शरीरात हे तंतू काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे दोन्ही मी सांगणार आहे.

आधी एका शब्दाविषयी बोलू. रस काढून घेतल्यावर जे उरतं त्याला आपण चोथा म्हणतो. उसाचा चोथा, नारळाचा चोथा. पिठातून चाळून काढतो तो कोंडा. दोन्ही शब्दांत एक निकाल दडलेला आहे: सत्त्व निघून गेलं, हे टाकून द्या. वैद्यकशास्त्रानंही हाच निकाल दिला होता. आम्ही शिकत होतो तेव्हा आहाराच्या धड्यात प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, कर्बोदकं, जीवनसत्त्वं, खनिजं यांना पानंच्या पानं असायची आणि तंतूंच्या वाट्याला बद्धकोष्ठापुरत्या चार ओळी यायच्या.

या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला तो डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकानं. १९४६ पासून वीस वर्षं तो युगांडात काम करत होता. ज्या कर्करोगाला आज बर्किटचं नाव आहे, तो शोधणारा हाच. युगांडातल्या खेड्यांत त्याला मधुमेह, पित्ताशयातले खडे, मोठ्या आतड्याचे विकार फारसे दिसत नसत. इंग्लंडात मात्र दवाखाने याच रोगांनी भरलेले. तो आणि त्याचा सहकारी ह्यू ट्रॉवेल कारण शोधू लागले. बर्किटनं तर संकोच बाजूला ठेवून माणसांच्या मलाचं वजन केलं. युगांडातल्या खेडुताचं दिवसाला चारशे ग्रॅमच्या पुढे जाई, ब्रिटिश नौसैनिकाचं जेमतेम शंभरापर्यंत. फरक ताटातल्या तंतूंचा होता. बर्किटच्या मांडणीतल्या सगळ्याच गोष्टी पुढे टिकल्या नाहीत, पण टाकाऊ मानलेल्या पदार्थाकडे त्यानं जगाला पाहायला लावलं.

तंतू म्हणजे एकच वस्तू नव्हे. गव्हाच्या कोंड्यातला बराचसा भाग आतड्यातून जसाच्या तसा पुढे सरकतो. त्याचं काम झाडूचं, आणि तेही काम मोलाचंच. कांदा-लसणातलं इन्युलिन मात्र मोठ्या आतड्यात पोहोचलं की जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात. १९९५ मध्ये ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रॉबरफ्रॉइड यांनी अशा पदार्थांना प्रीबायोटिक हे नाव दिलं. यजमानाच्या शरीरातले ठरावीक जिवाणू ज्याचा वापर करतात आणि त्यातून यजमानाचं भलं होतं, असा पदार्थ. दही आणि ताक यांतून आपण जिवाणू पोटात घेतो; तसे हिताचे जिवाणू म्हणजे प्रोबायोटिक. प्रीबायोटिक म्हणजे आधीच पोटात राहणाऱ्या जिवाणूंचं जेवण. दोन्ही नावं सारखी वाटतात म्हणून घोटाळा होतो.

ही कल्पना माणसाला नवी असेल, निसर्गाला नाही. आईच्या दुधाचं उदाहरण घ्या. त्यात दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल जो घन पदार्थ सर्वांत जास्त असतो, तो म्हणजे काही गुंतागुंतीच्या शर्करांच्या साखळ्या. लिटरभर दुधात पाच ते पंधरा ग्रॅम, चिकाच्या दुधात त्याहून जास्त. आणि बाळाला त्या पचत नाहीत! पचवायला लागणारी विकरंच बाळाच्या शरीरात नाहीत. ओली बाळंतीण स्वतःच्या शरीराची झीज सोसून जे दूध तयार करते, त्यात बाळाच्या उपयोगाचं नसलेलं इतकं काही का असावं? कारण ते बाळाच्या आतड्यात वस्तीला येणाऱ्या बिफिडो जातीच्या जिवाणूंसाठी असतं. त्यांना ते नेमकं पचतं. ते वाढतात, आतडं आम्लधर्मी करतात, रोगजंतूंना पाय रोवू देत नाहीत. आई एका वेळी दोघांना पाजत असते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

आता मोठ्या आतड्यात चला. तिथे हवा जवळजवळ नाही, अंधार आहे आणि अब्जावधी जिवाणू भुकेले आहेत. वरच्या लहान आतड्यानं पिष्ट, साखर, प्रथिनं, तेल असं सगळं शोषून घेतलेलं असतं. खाली पोहोचतो तो आपण ज्याला चोथा म्हणतो तो. जिवाणू तो आंबवतात. रात्रभरात इडलीचं पीठ फुगून वर येतं ना, तसाच हा प्रकार. त्यातून वायू निघतो, त्याबद्दल पुढे बोलूच, आणि तीन छोटी आम्लं तयार होतात: अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. सगळी गोष्ट या तिघांभोवती फिरते.

ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन आहे. या पेशींना ऊर्जा रक्तातून मिळते त्यापेक्षा जास्त या बाजूनं, जिवाणूंकडून मिळते. प्रोपिओनेट यकृताकडे जातं. आणि ही आम्लं आतड्याच्या भिंतीतल्या एल नावाच्या पेशींना चाळवतात, तेव्हा त्या जीएलपी-१ आणि पीवायवाय अशी दोन संप्रेरकं सोडतात. जेवणानंतर इन्सुलिन वेळेवर यावं, जठर सावकाश रिकामं व्हावं, मेंदूला "पुरे" असा निरोप जावा, ही त्यांची कामं. जीएलपी-१ हे नाव हल्ली तुमच्या कानावर आलंच असेल. वजन कमी करायची जी महागडी इंजेक्शनं निघाली आहेत, ती याच संप्रेरकाची नक्कल करतात. फरकही सांगतो, म्हणजे कुणी भलती आशा धरायला नको. शरीरात तयार झालेलं जीएलपी-१ एक-दोन मिनिटांत निम्मं नष्ट होतं. इंजेक्शनातलं सेमाग्लुटाइड निम्मं व्हायला आठवडा लागतो. म्हणून एकाचा परिणाम हळुवार आणि दुसऱ्याचा जोरकस.

आणखी एक गोष्ट आतड्यात घडते आणि माझ्या मते लठ्ठपणाच्या बाबतीत तीच जास्त महत्त्वाची आहे. आतड्याच्या आतल्या बाजूला चिकट श्लेष्माचा थर असतो. जिवाणू त्या पलीकडे, आपण अलीकडे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये उंदरांवर एक प्रयोग केला. मानवी आतड्यातले चौदा निवडक जिवाणू उंदरांना दिले आणि काही उंदरांच्या खाण्यातून तंतू काढून टाकले. उपाशी जिवाणूंनी काय करावं? त्यांनी तो श्लेष्माचा थरच खायला घेतला. थर पातळ झाला, भिंत उघडी पडू लागली. घरात धान्य नसलं की बियाण्याला हात घालावा लागतो, तसं हे झालं.

भिंत कमकुवत झाली की जिवाणूंच्या कवचाचे विषारी तुकडे रक्तात झिरपतात. बेल्जियमच्या पॅट्रिस कानी, नॅथली डेल्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की चार आठवडे फार चरबीयुक्त खाणं दिलेल्या उंदरांच्या रक्तात या तुकड्यांचं प्रमाण दुप्पट-तिप्पट होतं. ताप यावा इतकं ते नसतं. पण शरीराची संरक्षण यंत्रणा कायम धुमसत राहते, आणि या धुमसण्यात पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात. साखर वाढते, यकृतात चरबी साचते. लठ्ठपणा आणि मधुमेह यांच्यामधला एक पूल आतड्याच्या भिंतीतून जातो, तो असा.

उंदरांवरच्या प्रयोगांनी या क्षेत्रात मोठी खळबळ उडवली. २००४ मध्ये जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेनं जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांना नेहमीच्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू दिले. दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि तीही खाणं कमी होऊनसुद्धा. लोकांना वाटलं, लठ्ठपणाची किल्ली सापडली. पण पिंजऱ्यातला उंदीर रोज एकच खाद्य खातो. त्याला लग्नाच्या पंगती नसतात, रात्रपाळी नसते, परीक्षेला बसलेल्या मुलांची काळजी नसते.

तेव्हा माणसांवरचे प्रयोग काय सांगतात ते पाहू. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात जिल पार्नेल आणि रेलिन राइमर यांनी वजन जास्त असलेल्या प्रौढांना बारा आठवडे रोज २१ ग्रॅम ऑलिगोफ्रुक्टोज, म्हणजे इन्युलिनच्याच कुळातला एक तंतू, दिलं. बाकी खाण्यापिण्यात बदल करा असं सांगितलं नाही. २००९ मध्ये निष्कर्ष आले: या गटाचं वजन सरासरी एक किलोनं कमी झालं आणि तो तंतू न मिळालेल्या गटाचं जवळपास अर्धा किलोनं वाढलं. भूक लावणारं घ्रेलिन उतरलं, पीवायवाय वाढलं. राइमर यांच्याच गटानं पुढे ७ ते १२ वर्षांच्या ४२ लठ्ठ आणि अतिवजनी मुलांपैकी जवळपास निम्म्यांना सोळा आठवडे असेच तंतू रोज ८ ग्रॅम दिले. त्या मुलांच्या धडाभोवतीची चरबी ३.८ टक्क्यांनी घटली. बेल्जियममध्ये तीस लठ्ठ स्त्रियांचा तीन महिन्यांचा प्रयोग झाला. त्यात जिवाणूंची वस्ती सुधारली, पण वजन जिथल्या तिथे. अलीकडे, २०२४ मध्ये, शांघायच्या संशोधकांनी ३७ जणांना आठ आठवडे रोज ४० ग्रॅम न पचणारं पिष्ट दिलं. आहारही आखून दिला होता. वजन सरासरी २.८ किलोनं कमी झालं, इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला.

एक किलो. फार तर पावणेतीन. शेजारी ठेवा सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीतला आकडा: ६८ आठवड्यांत सुमारे १५ टक्के. शंभर किलोच्या माणसामागे पंधरा किलो. वजनकाटा हाच न्यायाधीश असेल तर तंतूंचा खटला आपण हरलो.

पण आपल्या बाबतीत वजनकाट्याला न्यायाधीश नेमणंच चुकीचं आहे, आणि हे जगाला पुण्यानं शिकवलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघं शेजारी शेजारी उभे, दोघेही सडपातळ. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. मात्र शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दुपटीहून अधिक! आणि हे जन्मापासूनच असतं. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंत, पोटाच्या अवयवांत कमी पडली, पण पाठीच्या त्वचेखालची चरबी जवळजवळ तेवढीच. बारीक दिसणारी, पण आतून चरबी धरलेली बाळं. म्हणून तर आपल्याकडे निर्देशांक २५ झाला तरी लठ्ठपणा मानतात, आणि पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, बाईची ८० सेंटिमीटर ओलांडली की आम्ही सावध होतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. पोट सुटलेल्यांचं प्रमाण ३९.५ टक्के, म्हणजे एकूण लठ्ठपणाच्या २८.६ टक्क्यांपेक्षा बरंच पुढे.

आता तंतूंच्या प्रयोगांकडे पुन्हा पाहा. घटली ती धडाभोवतीची चरबी. सुधारला तो इन्सुलिनचा प्रतिसाद. आपलं दुखणं जिथे आहे, नेमकं तिथेच हे औषध लागतं. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये १८५ दीर्घकालीन अभ्यास आणि ५८ चाचण्या एकत्र तपासल्या. सर्वांत कमी तंतू खाणाऱ्यांपेक्षा सर्वांत जास्त खाणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यू, हृदयविकार, मधुमेह यांचं प्रमाण १५ ते ३० टक्के कमी होतं. सर्वाधिक लाभ दिसला तो दिवसाला २५ ते २९ ग्रॅम तंतूंच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना आज प्रौढांना किमान २५ ग्रॅम सांगते, आणि ते अन्नातून आपसूक मिळालेले असावेत असंही सांगते.

मग ते आपल्या ताटात आहेत का? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते उघडा. शंभर ग्रॅम पॉलिशच्या तांदळात २.८ ग्रॅम तंतू, मैद्यात तेवढेच. ज्वारीत १०.२, बाजरीत ११.५, नाचणीत ११.२. इथे भरडधान्याच्या भक्तांना एक गोष्ट सांगायला हवी. न चाळलेल्या गव्हाच्या पिठातही ११.४ ग्रॅम आहेत. ज्वारी मलाही प्रिय आहे, मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी मिळाली तर मी दुसरं काही मागत नाही. पण पोळी सोडून भाकरी धरली म्हणजे तंतू वाढले, हा समज खरा नाही. पोळी-भाकरीपेक्षा मोठा फरक पडतो तो शेजारच्या वाटीमुळे. अख्ख्या हरभऱ्यात २५ ग्रॅम, अख्ख्या मुगात १७, राजम्यात साडेसोळा. त्याच मुगाची डाळ केली की आकडा ९ वर येतो. साल गेली, तंतू गेले.

आणि प्रीबायोटिक म्हणाल तर कडधान्यांइतकं आपल्याकडे काहीच नाही. मटकी, चवळी, हुलगे, वाल, पावटे यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या फोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नाही, म्हणून त्या थेट जिवाणूंच्या पुढ्यात जातात. वाल खाल्ल्यावर पोट का गुरगुरतं, त्याचं कारण हेच. मटकी रात्री भिजवून, सकाळी उपसून, फडक्यात घट्ट बांधून ठेवता तेव्हा दाण्यातला अंकुर वाढण्यासाठी याच शर्करा वापरतो. दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं की मोडांचा ओला वास येतो, त्या वेळपर्यंत वायू करणाऱ्या शर्करांचा बराच भाग खर्च झालेला असतो. आपल्या आज्यांना रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण कुणाच्या पोटाला काय झेपतं ते पक्कं ठाऊक होतं. सवय नसलेल्यानं मोड आणून खावं. सवय झाली की नुसती भिजवलेली चालतील. वर कच्चा कांदा, सोबत लसणाची चटणी. दोन्हींत इन्युलिन आहे. कच्च्या केळ्याची भाजी, सालासकट पेरू. निवलेल्या भातातही थोडं न पचणारं पिष्ट वाढतं. शिजवून चोवीस तास थंड ठेवून गरम केलेल्या भातात ते शंभर ग्रॅममागे ०.६४ वरून १.६५ ग्रॅम झालं, असं एका प्रयोगात दिसलं. म्हणजे वाढ खरी आहे, पण लहान. शिळ्या भातावर मधुमेह बरा होतो असं सांगणाऱ्याकडे लक्ष देऊ नका.

दोन वर्षांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. पन्नाशीच्या आतल्या, साखर नुकतीच हद्द ओलांडलेली. हातात प्रीबायोटिक भुकटीचा भलामोठा डबा. जाहिरात पाहून मागवला होता आणि पहिल्याच दिवशी चार चमचे पाण्यातून घेतले होते. "डॉक्टर, शाळेत वर्गावर उभं राहवेना हो," त्या म्हणाल्या. पोट फुगून त्या रात्रभर जाग्या होत्या. मी डबा बाजूला ठेवायला लावला आणि रोज अर्धी वाटी उसळीपासून सुरुवात करायला सांगितलं, दर आठवड्याला थोडी वाढवत. जेवायला बसलं की आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी किंवा भात. रोजचं चालणं होतंच, औषधही सुरू ठेवलं. चार महिन्यांनी आल्या त्या हिरमुसून. "काटा दीड किलोच हलला." मी कमरेला मोजपट्टी लावली. सहा सेंटिमीटर कमी. उपाशीपोटीची साखर हद्दीच्या आत. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही आणि चालण्याचा वाटा त्यात होताच. पण त्या बाईंना काट्यानं रडवलं होतं आणि मोजपट्टीनं हसवलं, हे मी पाहिलं आहे.

भुकटीबद्दलचा माझा सावधपणा केवळ गॅसपुरता नाही. २०१८ मध्ये मातम विजय-कुमार आणि सहकाऱ्यांनी शुद्ध केलेलं इन्युलिन दिलेल्या, विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या काही उंदरांमध्ये यकृताचा कर्करोग झालेला पाहिला. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासात रोज ३० ग्रॅम इन्युलिन घेतलेल्या काही माणसांमध्ये दाहाच्या खुणा वाढल्या, तर दुसऱ्या एका तंतूनं वाईट कोलेस्टेरॉल उतरवलं. यावरून कांदा खायला घाबरू नका. अन्नात दहा प्रकारचे तंतू मिसळून, थोडे थोडे, सावकाश येतात. डब्यात एकच प्रकार, शुद्ध आणि भरमसाट. ज्यांचं आतडं मुळात नाजूक आहे, ज्यांना कांदा-लसणानं खरोखर त्रास होतो, त्यांनी जबरदस्ती करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खाण्यात मोठा बदल करताना आपल्या डॉक्टरांना सांगावं, आणि कुणीही स्वतःच्या मनानं औषध बंद करू नये.

एक दुःख मात्र बोलून दाखवतो. १९६० च्या सुमारास देशात १ कोटी ८० लाख हेक्टरांवर ज्वारी होती. आता ती ४० लाखांच्या आसपास उरली. तिच्याबरोबर शेतातलं आंतरपीकही मागे पडलं आणि हुलगे, मटकी ताटातून हलली. तांदूळ आणि गहू रेशनवर मोफत किंवा स्वस्त, कडधान्य किराणा दुकानात महाग. ज्या घरात महिन्याचा किराणा मोजून भरला जातो, तिथे "उसळ खा" असं सांगताना माझी जीभ अडखळते. ही फक्त डॉक्टर-रुग्णाची गोष्ट राहत नाही. स्वस्त धान्य दुकानात अख्खं कडधान्य नियमित मिळावं, शाळेतल्या दुपारच्या जेवणात रोज मोड आलेल्या कडधान्याची उसळ असावी, ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून लावून धरायला हवी. या सभागृहात शिक्षक आहेत, सरपंच आहेत, पत्रकार आहेत. तुमचं ऐकलं जातं.

आणि घरी गेल्यावर एवढंच करा. आज रात्री मूठभर मटकी भिजत घाला. शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी काढून बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर मोजा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. तीन महिन्यांनी मला भेटाल तेव्हा वजन सांगू नका, तो आकडा सांगा.